मूत्रपिंड का निकामी झाले, तेही तपासा



दोडामार्ग तालुक्यात ‘बांबोळीला हलवलं’ असे कानावर आले की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. जानेवारी २०१८ मध्ये गोवा सरकारने बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा इथली माणसे आंदोलनाला बसली. ते भांडण उपचारांसाठी होते आणि रास्त होते. माझी मागणी निदानाची आहे.

मूत्रपिंड अधू होऊन रक्तातले क्रिएटिनिन वाढलेल्या रुग्णाच्या कागदावर बहुधा मधुमेह किंवा रक्तदाब हे कारण पडते. पुष्कळदा ते खरेही असते. पण ज्याला मधुमेह नाही, वय पन्नाशीपुढचे आहे, कंबर आणि बरगड्या दुखतात, हिमोग्लोबिन उतरले आहे, त्याचे काय? अशा माणसाला कायमचे डायलिसिसवर टाकण्याआधी त्याच्या रक्तातल्या मुक्त लाइट चेन मोजल्याच पाहिजेत.

प्रतिपिंडाला जड आणि हलक्या अशा साखळ्या असतात. हलक्या त्या लाइट चेन, कप्पा किंवा लॅम्डा जातीच्या; जड साखळीला न जोडता सुट्या राहतात त्या मुक्त. मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगात एकाच जातीच्या साखळ्या बेसुमार तयार होतात, मूत्रपिंडात गाळल्या जातात आणि तिथल्या नलिकांत बुचासारख्या घट्ट बसतात. लघवीची नेहमीची पट्टी इथे दगा देते. अल्ब्युमिन असेल तर तिचा पिवळा चौकोन हिरवा होतो. लाइट चेन कितीही असोत, तो जवळजवळ पिवळाच राहतो. पट्टी कोरी आणि २४ तासांच्या लघवीत प्रथिन भरपूर, अशी तफावत दिसली की डॉक्टरांनी तिथेच थबकले पाहिजे. लंडनच्या हेन्री बेन्स जोन्स यांनी १८४० च्या दशकात याच प्रथिनाचा अभ्यास केला. लघवी तापवताना ते आधी साकळते आणि उकळी आली की विरघळते. रक्तातल्या मुक्त साखळ्या मोजण्याची आजची चाचणी मात्र २००१ च्या सुमाराची.

आमच्याकडे काजूच्या बागेत, रबराच्या मळ्यात राबणारा माणूस कंबर धरून आला की त्याला वेदनाशामक सुई टोचली जाते. मायलोमा असेल तर तेच औषध मूत्रपिंडाचा घात करते. आमच्या वाडीतल्या एका बागायतदाराचे कित्येक महिने असे गोळ्यांवर गेले. लाइट चेन मोजल्या तेव्हा डायलिसिस सुरू झालेले होते. बोर्टेझोमिबसारख्या औषधांनी या साखळ्या लवकर खाली आणता आल्या तर काही रुग्णांचे मूत्रपिंड सावरते, डायलिसिस सुटते. त्यामुळे इथे आठवडेही मोलाचे असतात.

चाचणी महाग आणि आजार विरळा, असा आक्षेप येईल. म्हणूनच ती सरसकट करा असे मी म्हणत नाही. शिवाय मूत्रपिंड अधू झाले की दोन्ही साखळ्या रक्तात साचतात. कप्पा आणि लॅम्डा यांचे प्रमाण एरवी ०.२६ ते १.६५ असते, अशा रुग्णात ०.३७ ते ३.१ पर्यंत ते स्वीकारले जाते. हे न पाहता अहवाल वाचला तर भलत्याच माणसाला कर्करोगाची धास्ती बसेल. पण रक्तातली प्रथिने वेगळी करून पाहणाऱ्या नुसत्या इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीवर भागवणेही धोक्याचे, कारण मायलोमाच्या साधारण १५ ते २० टक्के रुग्णांत केवळ लाइट चेनच तयार होतात.

२०१६ मध्ये केर गावातला ताप माकडताप ठरला, तो रक्ताचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत गेले म्हणून. तापासाठी जे जमले ते मूत्रपिंडासाठी का जमू नये? दोडामार्गच्या ग्रामीण रुग्णालयात रक्त घ्यावे, नमुना बाहेर पाठवावा, खर्च शासनाने उचलावा आणि अहवाल ओरोसच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी वाचून इथल्या डॉक्टरांना फोनवर सांगावा. मजुरी बुडवून एसटीने पेशंट फिरण्यापेक्षा त्याच्या रक्ताची नळी फिरू दे. जिल्हा शल्यचिकित्सकांनी यावर जाहीर उत्तर द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, दोडामार्ग