तरुणांचे पोट आणि शस्त्रक्रियेची घाई

पोटात कळ आली की ओवा खाऊन निजावे, ही आपली जुनी रीत. बडोद्याच्या मराठी घरांत ती आहे, गोमंतकातही आहे. परंतु कळेबरोबर ताप आला, तर तीच रीत घातक ठरू शकते. मोठ्या आतड्याच्या भिंतीस आलेल्या लहान पिशव्या सुजतात, तो विकार 'डायव्हर्टिक्युलायटिस'. तो म्हातारपणाचा मानला जाई; आता चाळिशीच्या आतही आढळतो. उजव्या बाजूस झाला, तर अपेंडिक्सच्या दुखण्याशी त्याची गल्लत होते.

१९७१ साली पेंटर व बर्किट या डॉक्टरांनी त्याचे खापर चोथाहीन आहारावर फोडले. आज स्थूलता, धूम्रपान व आनुवंशिकता हीही कारणे मानली जातात. तरीही बडोद्याच्या शेव-उसळीतील वाटाणा हितकर आणि सोबतचा मैद्याचा पाव नव्हे, एवढे खरे.

मुख्य प्रश्न उपचाराचा आहे. रुग्ण तरुण म्हणून पहिल्याच झटक्यानंतर आतड्याचा भाग काढण्याचा सल्ला एके काळी शास्त्रसंमत होता. आता केवळ वय हे शस्त्रक्रियेचे कारण मानीत नाहीत. साध्या प्रकारात प्रतिजैविकांचाही विशेष लाभ होत नाही, असे स्वीडन-आइसलंडमधील २०१२ च्या चाचणीत दिसले. मात्र आतडे फुटल्यास विलंब प्राणावर बेततो.

हा भेद सी. टी. स्कॅनवाचून करणे कठीण. म्हणूनच बडोद्याच्या सयाजी रुग्णालयात वा बांबोळीत पोहोचण्याआधी, तालुक्याच्या ठिकाणीच ही तपासणी वेळेवर व्हावी, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. सुरीपूर्वी निदान पक्के व्हावे, हे मागणे अवास्तव नव्हे.