श्रीफळ आणि सागराची अनुज्ञा

नारळी पौर्णिमेस दर्याला श्रीफळ अर्पिले की नौका कोठेही हाकाराव्यात, हा समज मला मान्य नाही. श्रीफळ म्हणजे अनुज्ञेची याचना. ती मिळाली की नाही, हे सागराच्या स्थितीवरूनच ओळखावे लागते. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत खोलातील शीतल, पोषक जल वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात व मागोमाग मासळी येते. परंतु त्याच जलात प्राणवायू उणा असला तर ती दूर सरते. शीत-उष्ण जलांच्या सीमेवर ती बहुधा गोळा होते. जुने तांडेल पाण्याच्या रंगावरून, पक्ष्यांच्या थव्यांवरून हे ताडीत. आज हैदराबादची ‘इन्कॉइस’ संस्था उपग्रहांनी टिपलेल्या उष्णतेवरून व हरितद्रव्यावरून मासळीची संभाव्य क्षेत्रे कळविते. (आभाळ भरून आले की उपग्रहाची ही दृष्टीही अडते!)

२०२३ साली अधिक श्रावणामुळे पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. मासेमारीबंदी मात्र ३१ जुलैलाच संपली होती. मधल्या महिन्यात दर्या शांत पाहून पोटासाठी निघालेल्या कोळीबांधवास मी अश्रद्ध म्हणणार नाही. पौर्णिमेला तर भरतीचे उधाण. त्यात वादळाची सूचना असूनही केवळ मुहूर्त म्हणून नौका लोटणाऱ्यास भाविकही म्हणणार नाही.