वही घेऊन खेळणाऱ्यांची बाजू

‘गेम खेळता की सोसायटीचं दप्तर लिहिता?’ असा सवाल साताऱ्यातल्या एका रसिक गृहस्थांनी अलीकडे चारचौघांत केला. निमित्त होतं ‘स्टारड्यू व्हॅली’ या शेतीच्या गेमचं. कॉलेजातली काही मुलं तो खेळताना शेजारी वही ठेवतात, कोणतं बी कुठल्या वाफ्यात आणि तोडा कधी हे लिहून काढतात, असं त्यांच्या कानावर आलं आणि त्यांच्या रसिकतेला ठेच लागली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : आयुष्य आखून जगता येत नाही, मग आयुष्याची नक्कल करणारा खेळ आखून कशाला खेळायचा? सकाळी उठावं, मन नेईल तिकडं जावं, मासे धरावेत, गावातल्या माणसांशी गप्पा माराव्यात. वही काढणारा तो कारकून, न काढणारा तो कलावंत. पुढं आमच्या भागातला कुठलाही वाद शेवटी जिथं पोचतो तिथं तेही पोचले, म्हणजे विष्णुदास भाव्यांपाशी. मराठी रंगभूमी सांगलीत जन्मली ती उत्स्फूर्ततेतून, नटांच्या हाती संहिताच नव्हती, आणि त्याच मातीतली पोरं आता कोष्टकं मांडतात, म्हणजे केवढी ही अधोगती! त्यांनी याहून काही नेमकं म्हटलंही असेल, पण मला एवढंच ऐकू आलं.

भाव्यांना त्यांनीच बोलावलं आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

१८४३ साली ‘सीतास्वयंवर’ झालं तेव्हा नटांना लिहिलेले संवाद पाठ करायचे नव्हते, हे खरं. पण म्हणून रंगमंचावर मोकाट रान होतं काय? कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी पाहिले, तसं काही आपल्या भाषेत व्हावं अशी इच्छा धरली आणि काम भाव्यांवर सोपवलं. भाव्यांनी आख्यान निवडलं, पदं रचली, मंडळी जमवून तयार केली. आधी सूत्रधाराचं मंगलाचरण, मग विदूषक, मग गणपती, मग सरस्वती, हा क्रम ठरलेला. पुढचा प्रसंग सूत्रधार पदातून गाऊन सांगणार आणि तो सांगेल तेवढ्याच कुंपणात पात्रानं आपल्या शब्दांत बोलायचं. राक्षसांच्या आरोळ्या तर इतक्या ठरीव होत्या की त्यावरून पुढं या सगळ्या नाटकांनाच ‘अललडुर्र’ म्हणून हिणवलं गेलं. त्या रात्री रावणाला हुरूप आला म्हणून त्यानंच धनुष्य मोडलं, असं कधी झालं नाही. जनकाचं मन फिरलं आणि स्वयंवर पुढच्या महिन्यावर गेलं, असंही नाही. नटाच्या हातात वही नव्हती, कारण टाळ-मृदंगाच्या साथीत उभा असलेला सूत्रधार हीच त्याची गाती वही होती. उत्स्फूर्त होते ते शब्द. कथा, क्रम, प्रवेश, निर्गम हे सगळं भाव्यांनी आधी बांधून ठेवलं होतं. उत्स्फूर्ततेचा दाखला म्हणून आमच्या गृहस्थांनी ज्यांना पुढं केलं, ते महाराष्ट्रातल्या फार मोठ्या नियोजनकारांपैकी एक निघाले, याला माझा इलाज नाही.

तमाशाकडे वळाल तर तिथंही हेच. पठ्ठे बापूराव आमच्या वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. तमाशातला सोंगाड्या समोरच्या फेटेवाल्याकडं बघून जागच्या जागी कोटी करतो, लोक हसून लोळतात. पण गण आधी, गौळण नंतर आणि वग त्याच्याही नंतर, हे त्यालाही चुकत नाही. ऐनवेळी सुचायला कुठं उभं राहायचं हे आधी ठाऊक असावं लागतं.

हा वाद तसा जुनाच आहे. आमच्याकडच्या व्याख्यानमालांत ‘हातात कागद न घेता बोलतात’ अशी वक्त्याची ओळख करून दिली की टाळ्या पडतात. असे वक्ते मी बरेच ऐकले. दीड तासाच्या भाषणात त्यांचा विषय पाऊण तासानं सुरू होतो आणि संपत तर नाहीच, आभारप्रदर्शन करणाऱ्याला तो मध्येच उचलून बाजूला ठेवावा लागतो. कासच्या फुलांना आधी बुकिंग करून जाण्यात मजा नाही, असं म्हणणारेही याच घराण्यातले. ते फाटकाबाहेर उभे राहून निसर्गाच्या बाजारीकरणावर बोलत असतात. असो.

आता प्रत्यक्ष गेमकडे. एरिक बॅरोन या एकट्या माणसानं चार-साडेचार वर्षं खपून बनवलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ फेब्रुवारी २०१६ मध्ये आला. त्यात ऋतू २८ दिवसांचा. दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि रात्री दोनला माणूस जागच्या जागी कोसळतो. ऋतू पालटला की त्या ऋतूचं पीक शेतात उभं वाळतं. हे सगळं करणाऱ्यानं मुद्दाम असं केलं आहे. ज्याला मन नेईल तिकडंच पाठवायचं होतं त्यानं कॅलेंडर कशाला टांगलं असतं? स्ट्रॉबेरीचंच बघा. महाबळेश्वर-पाचगणीकडे ती पावसाळा सरल्यावर लावतात. गेममध्ये तिचं बी वसंताच्या १३ तारखेला, अंड्यांच्या जत्रेत विक्रीला येतं, १०० सोन्याला एक. लावल्यापासून आठ दिवसांनी पहिला तोडा, मग दर चार दिवसांनी. त्याच रात्री लावली तर ऋतू संपेपर्यंत दोनच तोडे हाती लागतात. पण बी पेटीत ठेवून पुढच्या वसंताच्या एक तारखेला लावली तर पाच. हा हिशेब ज्यानं उघड न सांगता खेळात पेरून ठेवला, त्यानं तो कुणीतरी शोधून काढावा म्हणूनच पेरला. तो शोधणाऱ्याला कारकून म्हणणं म्हणजे कोडं सोडवणाऱ्याला अरसिक म्हणणं.

या गेममध्ये आणखी एक सोय आहे. घरातल्या टीव्हीवर उद्याचं हवामान सांगतात आणि ते खरं ठरतं. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला हे वाक्य पुन्हा एकदा वाचावंसं वाटेल.

आमच्या गृहस्थांच्या युक्तिवादाचा कणा नेमका इथं मोडतो. आयुष्य बेभरवशाचं म्हणून खेळही बेभरवशाचा हवा, असं ते म्हणतात. हे म्हणायला घरात बेभरवसा कमी असावा लागतो. इकडं एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी, औषधांच्या फवारण्या, मजुरांची टोळी सगळं तारखेनिशी ठरलेलं असतं आणि घड भरत आले की अवकाळी येतो. बेदाणा शेडवर वाळत असतो आणि आभाळ भरून येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या आठवड्यात अख्ख्या शहरानं उत्स्फूर्त जगून घेतलं. कुणाला त्यात काव्य दिसलं नाही. आटपाडी-जतकडं तर पावसाची वाट पाहण्यातच कैक पिढ्यांचे बेत जिरले. अशा घरातला मुलगा रात्री तासभर मोबाईलवर शेती करतो. तिथं पाऊस सांगून येतो, भाव रातोरात पडत नाही, पेरलं ते उगवतं. आखलेलं आखल्यासारखं घडताना त्याला आयुष्यात पहिल्यांदा दिसतं. हा आनंद त्याच्याकडून काढून घेऊन ‘बाळा, जरा वाहवत जायला शीक’ म्हणून सांगायचं, हा शहाजोगपणा ठरल्या तारखेला पगार जमा होणाऱ्यालाच परवडतो.

राहिलेले मुद्दे किरकोळ आहेत. वहीमुळं मजा जाते म्हणे. कुणाची? बघणाऱ्याची जात असेल. मुलं यंत्र बनतात म्हणे. मग नूतन बुद्धिबळ मंडळात भाऊसाहेब पडसलगीकरांनी सांगलीची जी पोरं घडवली, सुरुवातीच्या खेळ्या घोकून पटावर बसणारी, ती सगळी यंत्रंच म्हणायची. ‘द सिम्स’सारख्या खेळाला ध्येयच नाही, मग योजना कसली, असंही ते विचारतात. तो खेळ बनवणाऱ्या विल राइट यांचं घर १९९१ च्या ओकलंडच्या वणव्यात जळालं. संसार पुन्हा उभा करताना काय काय आणि कशासाठी घ्यावं लागतं, या विचारातून त्या खेळाचं बीज पडलं आणि २००० साली तो बाजारात आला. या खेळाच्या मुळाशी जळलेल्या घराच्या सामानाचा विचार आहे. त्यात यादी करणारा परका कसा?

एवढं मात्र मान्य, की दुसऱ्या कुणीतरी काढलेलं तयार कोष्टक उतरवून घेणं आणि त्याच्या हुकमानं रोज उठणं याला मी नियोजन म्हणत नाही. ती ताबेदारी. आखणी आपली असावी, पेन्सिलीनं असावी आणि पुसायची तयारी असावी. गावातल्या कुणाचा वाढदिवस आला, खाणीत अचानक शिडी सापडली, तर त्या दिवसाचं पान खुशाल फाडावं. वाट सोडल्याची गंमत ज्याला वाट माहीत आहे त्यालाच कळते. माझ्या बाजूचं म्हणणं एवढंच आहे. ते फार मोठं नाही, पण भाव्यांच्या सूत्रधाराला पुरलं होतं.

गृहस्थांनी आता टीका थांबवून एक वसंत स्वतः खेळून बघावा. बिनवहीचा खेळला तरी हरकत नाही. फक्त १३ तारखेला खिशात पैसे शिल्लक ठेवा आणि घेतलेलं बी त्याच रात्री लावू नका.