काटेरी झुडूप, हायवे आणि ब्रिजेट

परवा मेसमध्ये जेवताना एकाने मोबाईलवर जुनी बातमी वाचून दाखवली. २०१७ साली आयर्लंडमधल्या डॅनी हीली-रे नावाच्या खासदाराने केरी काउंटीतला एक रस्ता सारखा खचतो म्हणून त्याचं खापर चक्क पऱ्यांवर फोडलं! टेबलावर जो हशा उठला तो विचारू नका. "चला, म्हणजे असले नमुने फक्त आपल्याकडेच निवडून येत नाहीत," इति रूम पार्टनर. मीही हसलो. तिथल्या काउन्सिलने तर आधीच सांगून टाकलं होतं की खालच्या मातीत दोष आहे. सॉइल मेकॅनिक्समध्ये केटी लागलेला माणूसही हेच सांगेल.

पण मी पडलो सिव्हिलचा, त्यात सेमिनारचा विषय हायवे अलाइनमेंट. म्हटलं बघू तरी भानगड काय आहे. आणि मग सबमिशन बाजूला ठेवून आठवडाभर तेच वाचत बसलो.

पहिली गोष्ट म्हणजे 'परी' हा शब्दच फसवा आहे. आपल्या डोळ्यांसमोर पंख, छडी आणि गॅदरिंगमधला चमकीचा फ्रॉक येतो. आयर्लंडच्या खेड्यांतली ही मंडळी तशी नाहीत. बहुतेक गोष्टींत ती माणसाएवढीच असतात, गुरं पाळतात, नाचतात, भांडतात आणि डूख धरतात. त्यांचं नाव 'शी'. जुन्या आयरिश भाषेत शी म्हणजे टेकाड. टेकाडात राहणारे म्हणून ते शी, आणि गेममधली आपली लाडकी 'बॅन्शी' म्हणजे टेकाडातली बाई. लोक सहसा त्यांचं थेट नाव घेत नसत, 'भली माणसं' म्हणत. आपल्याकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत, तसंच.

कथा अशी, की तूअहा डे डानन नावाचे देवासारखे लोक आधी त्या बेटावर राज्य करत होते. नंतर आलेल्या माणसांनी त्यांना हरवलं आणि ते जमिनीखाली गेले. आता गंमत बघा. या कथा लिहून ठेवल्या त्या ख्रिस्ती मठांतल्या साधूंनी, आणि तेही पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्म आल्यावर काही शतकांनी. त्याआधीच्या धर्माचा म्हणून एकही ग्रंथ उरलेला नाही. आणि शेकडो वर्षं पऱ्यांना भिणारी माणसं रविवारी न चुकता चर्चला जाणारी कॅथलिक होती. त्यामुळे 'प्राचीन केल्टिक ज्ञान' म्हणून कुणी रेडिमेड पॅकेज विकत असेल तर जरा जपून!

मला सर्वात भावलं ते ओट्यांचं प्रकरण. आयर्लंडभर मातीचे गोल बांध आहेत, सुमारे ४५ हजार. खरं तर ती साधारण इ.स. ५०० ते १००० मधली शेतकऱ्यांची कुंपण घातलेली घरं. नंतर लोक विसरले आणि म्हणू लागले, हे पऱ्यांचे किल्ले. नांगर घालायचा नाही, झाड तोडायचं नाही. पुरातत्त्वाचा कायदा तिथे १९३० मध्ये आला. त्याच्या आधीची कित्येक शतकं हे बांध टिकले त्यात या भीतीचा मोठा वाटा आहे. चौकीदार नाही, बोर्ड नाही, दंडाची पावती नाही!

मग मला १९९९ चं प्रकरण सापडलं. क्लेअर काउंटीत लाटून इथे नवा रस्ता आखला होता आणि वाटेत एक हॉथॉर्नचं काटेरी झुडूप. एडी लेनिहान नावाच्या कथेकऱ्याने पेपरात पत्र लिहिलं, की मन्स्टरच्या पऱ्या कॉनॉटच्या पऱ्यांशी लढायला जाताना इथे जमतात, झुडूप तोडलंत तर या रस्त्यावर अपघात होतील. बातमी पार अमेरिकेपर्यंत गेली. आणि तिथल्या इंजिनिअरांनी झुडूप राखून रस्ता केला. २००२ मध्ये कुणीतरी रात्रीत त्याच्या सगळ्या फांद्या कापून टाकल्या, तरी त्याला पुन्हा पालवी फुटली.

इथवर वाचून मी एकदम खूष होतो. सेमिनारचा शेवट तयार होता: 'श्रद्धेचा आदर करा, निसर्ग वाचवा.' टाळ्या.

पण मग ब्रिजेट क्लिअरीची गोष्ट वाचली.

टिपरारी काउंटीतलं बॅलीव्हॅडली गाव, साल १८९५. ब्रिजेट जेमतेम पंचविशी ओलांडलेली, शिवणकाम करून स्वतः पैसे मिळवणारी. आजारी पडली. नवरा मायकल, पिंपं बनवणारा कारागीर. त्याच्या डोक्यात बसलं की ही आपली बायकोच नव्हे, खरी ब्रिजेट पऱ्यांनी नेली आणि तिच्या जागी दुसरीच ठेवली. डॉक्टर येऊन गेला होता. तरी दुधात जडीबुटी घालून जबरदस्तीने पाजली, आणि 'तू ब्रिजेटच ना?' असं देवाची शपथ घालून पुन्हा पुन्हा विचारलं. १५ मार्चच्या रात्री मायकलने तिच्यावर दिव्याचं तेल ओतून तिला जाळलं. घरात तिचे वडील होते, आत्या होती, भावंडं होती. नंतर हा मायकल जवळच्या ओट्यावर रात्री वाट बघत बसला, की खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून येईल. त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली, पंधरा भोगून तो सुटला.

म्हणजे ज्या ओट्यांचं मी एवढं कौतुक करत होतो, तसलाच ओटा!

ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना, त्याला घरचं कारण आहे. माझी आत्या बाळंतपणानंतर गप्प झाली. जेवेना, बाळाला घेईना. घरात ठरलं, बाहेरचं आहे. देवऋषी झाला, अंगारा झाला, एकदा केस धरून 'कोण आहेस बोल' हेही झालं. मी आठवीत होतो, दारात उभा होतो. दवाखान्यात न्यायला चार महिने लागले. डॉक्टरांनी बाळंतपणानंतरचं नैराश्य म्हणून गोळ्या दिल्या आणि ती हळूहळू माणसांत आली. ती अजूनही त्या दिवसांबद्दल बोलत नाही. त्या घरात कुणीही दुष्ट नव्हतं हो. सगळे तिचेच होते.

म्हणून आता मला दोन्ही पार्ट्यांचा राग येतो. एक पार्टी मेसमध्ये हसणारी. हसणं सोपं असतं. ब्रिजेटच्या केसनंतर काही इंग्रजी पेपरांनी असंच लिहिलं होतं, की बघा, हे आयरिश लोक आणि यांना स्वराज्य पाहिजे! दुसरी पार्टी 'पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' म्हणणारी. ती ब्रिजेटचं नावही काढत नाही. माझं मत विचाराल तर श्रद्धा कुणाचा हात धरते ते बघावं. 'मी इथे कुऱ्हाड घालणार नाही' म्हणून स्वतःचाच हात धरत असेल तर मी पऱ्या न मानताही त्या झुडपाला वळसा घालीन, जास्तीच्या मीटरचा एस्टिमेट खुशाल माझ्या नावावर टाका. पण 'ही ती नव्हेच' म्हणत दुसऱ्याचे केस धरत असेल, तर तिथे आदरबिदर काही नाही. तिथे आधी डॉक्टर, आणि गरज पडली तर पोलीस.

मात्र हे सगळं आधी कळायला हवं, आणि तिथल्या लोकांनी ते लिहून ठेवलंय. १९३७ ते १९३९ मध्ये प्राथमिक शाळांतल्या सुमारे ५० हजार पोरांनी आजी-आजोबांना विचारून वह्या भरल्या: कुठला ओटा, कुठलं झाड, कुणाला काय दिसलं. आज त्या इंटरनेटवर वाचता येतात. आपली जर्नल्स कुठून उतरवली जातात ते सर्व स्टाफला माहीत आहेच, तेव्हा जास्त बोलत नाही.

सेमिनारला मी हे सगळं मांडलं. अलाइनमेंटच्या धड्यात रस्त्याने टाळायच्या जागांत 'धार्मिक स्थळे' एवढे दोनच शब्द असतात, तिथून सुरुवात केली. सरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "उद्या तुझ्या रस्त्यात भुताचं झाड आलं तर काय करशील?"

"आधी गावात जाऊन विचारीन, सर, कुणाचं भूत आहे ते."

मार्क बेताचेच पडले.