रिमोट हातात, पण पडदा वाचता येईना

यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुक्यातले मुकुटबन तेलंगणाच्या सीमेजवळ आहे. या पट्ट्यात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि कोलामीही बोलली जाते. अशा भागातल्या घरात इंटरनेटवर चालणारा स्मार्ट टीव्ही येतो, तेव्हा त्याचा मेनू बहुधा इंग्रजीतच उघडतो. जुन्या टीव्हीवर एक बटण दाबले की चॅनेल लागत असे. आता बातम्या पाहायच्या तरी आधी चित्रांच्या रांगा ओलांडाव्या लागतात. ही केवळ गैरसोय नाही. तिला आरोग्याची बाजू आहे.

मोबाइल एक-दीड फुटावरून पाहिला जातो, टीव्ही साधारण दहा फुटांवरून. म्हणजे मोबाइलइतकेच स्पष्ट दिसण्यासाठी टीव्हीवरचे अक्षर सात ते दहा पट मोठे हवे. त्यात वयाचा भाग येतो. साठीनंतर बाहुली आकुंचित राहते, डोळ्यातील भिंग पिवळट होते आणि दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या तरुणाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. मोतीबिंदू असेल तर काळ्या पडद्यावरची करडी अक्षरे जवळजवळ नाहीशीच होतात. वेबसाठीच्या जागतिक निकषांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे प्रमाण किमान 4.5 : 1 असावे, असे सांगितले आहे. टीव्हीच्या मेनूलाही तीच कसोटी लावायला हवी.

हाताचा प्रश्न वेगळा. संधिवात, कंपवात किंवा मधुमेहामुळे बोटांना आलेली बधिरता असेल, तर बटण एकाऐवजी दोनदा दाबले जाते आणि भलतेच काही उघडते. कुठे आहोत हे कळत नाही, परतीची वाट सापडत नाही. मग ज्येष्ठ रिमोट नातवाकडे देतात आणि लागेल ते पाहत बसतात.

नातवाचा धोका उलटा आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने 2021 मध्ये दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असा सल्ला दिला. पण एक भाग संपताच दुसरा आपोआप सुरू होतो. थांबण्यासाठी कष्ट, पाहत राहण्यासाठी काहीच नाही, अशी ही रचना मुलांची आणि मोठ्यांचीही झोप खाते. 2021 च्याच माहिती तंत्रज्ञान नियमांनी 13 वर्षांपुढच्या गटासाठीच्या कार्यक्रमांना पालकांचे कुलूप बंधनकारक केले. परंतु ते इंग्रजी मेनूच्या चौथ्या पायरीवर दडले असेल, तर कागदावरच राहते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 42 नुसार रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांना वापरता येतील अशा रचनेत मिळावीत, यासाठी सरकारने उपाय करायचे आहेत. टीव्ही त्यातच मोडतो. सक्ती मात्र चित्रांच्या दर्जापेक्षा मेनूच्या सोपेपणाची हवी.

तोवर घरी काही गोष्टी करता येतात. सेटिंगमध्ये मराठी असल्यास ती निवडावी, अक्षरे मोठी आणि ठळक करावीत, आपोआप पुढचा भाग लागणे बंद करावे, मुलांसाठी पिन ठेवावा. रिमोटवर माइकचे बटण असेल तर ज्येष्ठांना बोलून शोधायला शिकवावे. आणि नवा टीव्ही घेताना दुकानात रिमोट आधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हाती द्यावा. त्याला बातम्या लावता आल्या, तरच तो टीव्ही घरी आणावा.