इमारतीची दिशा, शहराची दिशा

क्वालालंपूरचे नाव निघाले की डोळ्यांसमोर उभे राहतात ते पेट्रोनासचे जुळे मनोरे. १९९८ साली पूर्ण झालेले हे ८८ मजली मनोरे २००४पर्यंत जगातील सर्वांत उंच इमारती म्हणून मिरवले. त्यांच्याआधी सहा वर्षे, १९९२ साली, त्याच शहरालगतच्या सुबांग जया येथे एक पंधरा मजली इमारत पूर्ण झाली होती. उंचीच्या स्पर्धेत तिची दखल कोणी घेणार नाही. परंतु उष्ण प्रदेशातील वाढत्या शहरात उंच इमारत कशी असावी, हा प्रश्न ज्याला पडला आहे, त्याला ‘मेनारा मेसिनियागा’ नावाची ही लहानखुरी इमारत जुळ्या मनोऱ्यांपेक्षा अधिक काही शिकवते. तिचे वास्तुशिल्पकार केन यांग.

१९४८ साली मलेशियातील पिनांग येथे जन्मलेल्या यांग यांनी लंडनमध्ये वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे केंब्रिजमध्ये पर्यावरण व इमारतरचना यांच्या परस्परसंबंधावर संशोधन केले. ‘पर्यावरण’ हा वास्तुशिल्पकाराच्या चिंतेचा विषय आहे, असे फारसे कोणी मानत नव्हते, तो हा काळ. १९७६ साली सहकाऱ्यासमवेत व्यवसाय सुरू केल्यावर त्यांनी १९८५ साली स्वतःच्या राहत्या घरावरच प्रयोग केला. घराच्या छपरावर छत्रीसारखे दुसरे, पट्ट्यापट्ट्यांचे छप्पर घातले. ऊन त्यावर अडावे आणि वारा मात्र खालून खेळता राहावा, ही योजना.

हाच विचार मेसिनियागात पंधरा मजले चढला. विषुववृत्ताजवळच्या या शहरात सूर्य जवळजवळ डोक्यावरून जातो; तापते ती पूर्व आणि पश्चिम बाजू. म्हणून लिफ्ट आणि जिन्यांचा भरीव गाभा यांग यांनी इमारतीच्या मध्यभागी न ठेवता पूर्वेला नेला. सकाळचे ऊन त्या भिंतीने झेलावे, आतल्या माणसांनी नव्हे. उन्हाच्या बाजूच्या खिडक्यांबाहेर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे आडोसे लावले. जिने, लिफ्टसमोरची जागा आणि स्वच्छतागृहे यांना नैसर्गिक उजेड व वारा दिला. तेथे दिवसा दिवा लावण्याची गरज उरली नाही. जमिनीपासून वरपर्यंत इमारतीभोवती नागमोडी चढत जाणारी झाडांची अंगणे ठेवली. १९९५ साली या इमारतीला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. पुढे सिंगापूरचे २००५ साली खुले झालेले राष्ट्रीय ग्रंथालय त्यांच्या आराखड्यातून साकारले आणि त्यानंतर त्याच शहरातील ‘सोलारिस’. या दुसऱ्या इमारतीभोवती सुमारे दीड किलोमीटर लांबीची हिरवी पट्टी अखंड फिरते आणि साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर तिची झाडे जगतात.

विशेष म्हणजे, गगनचुंबी इमारत हा मुळातच निसर्गाला जड जाणारा प्रकार आहे, हे यांग स्वतः मान्य करतात. तिला साहित्य अधिक लागते, उभारायला ऊर्जा अधिक लागते आणि चालवायलाही अधिक. परंतु शहरे वाढत आहेत, जमीन वाढत नाही; उंच इमारती होणारच असतील तर त्यांचा भार शक्य तितका हलका करावा, ही त्यांची भूमिका. उपदेशकाच्या आवेशापेक्षा हा प्रांजळपणा अधिक विश्वासार्ह वाटतो.

यातून आपण काय घ्यावे? मेसिनियागाचा आराखडा मुंबईत आणून उभा केला तर तो चुकेल. मुंबई विषुववृत्तापासून १९ अंश उत्तरेला आहे. येथे हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून तिरपे आत येते आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येचा पाऊस घराला झोडपतो. आपले उत्तर आपल्या हवामानातूनच शोधावे लागेल, आणि ते शोधले गेलेही आहे. चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत कंबाला हिलवर उभारलेली ‘कांचनजंगा’ ही २८ मजली इमारत १९८३ साली पूर्ण झाली. मुंबईत समुद्राचा वारा येतो पश्चिमेकडून. दुपारचे ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी भोवती व्हरांडे ठेवून हा पेच सोडवला होता. कोरियांनी तोच व्हरांडा दोन मजले उंचीच्या बागेच्या रूपाने आकाशात नेला.

आणि आज आपण काय उभारतो आहोत? पश्चिमेकडे तोंड करून उभ्या काचेच्या भिंती, आणि आतली उष्णता बाहेर फेकण्यासाठी अहोरात्र चालणारी वातानुकूलन यंत्रे. थंड प्रदेशात ऊन आत घेणारी काच आपण उष्ण प्रदेशात प्रतिष्ठेची खूण म्हणून मिरवतो. प्रवेशद्वारी चार कुंड्या ठेवून त्या इमारतीला ‘हरित’ म्हणणे हे तर आत्मवंचनाच होय.

याचा दोष केवळ विकासकावर टाकून चालणार नाही. घर घेताना आपण चौरस फूट मोजतो, व्यायामशाळा आणि तरणतलाव विचारतो. शयनगृहाची भिंत कोणत्या दिशेला आहे, वारा आरपार वाहतो का, जिन्यात उजेड येतो का, हे किती जण विचारतात? मिळालेली गॅलरी बंद करून खोली वाढवतो आणि मग उकाड्याची तक्रार करतो. मुंबई-पुण्यात आज असंख्य जुन्या सोसायट्या पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर आहेत. वाढीव चटईक्षेत्रासाठी सर्वसाधारण सभेत जो आग्रह धरला जातो, तोच या प्रश्नांसाठी का धरू नये? पंखा, दिवा, यंत्र पुढे बदलता येते. इमारतीची दिशा बदलता येत नाही. ती एकदाच ठरते, आणि तिची किंमत पुढच्या दोन पिढ्या दरमहा विजेच्या देयकातून मोजत राहतात. म्हणून आराखड्यावर स्वाक्षरी करण्यापूर्वी, सूर्य आणि वारा यांचे म्हणणे एकदा ऐकून घ्यावे.