एक तेल, तीन कामं

मुलांनो, आज बाबांची परीक्षा घ्यायची. मोटारसायकलीच्या टाकीत पेट्रोल किती आहे, असं त्यांना विचारलंत तर ते काटा न बघताही सांगतील. पण इंजिनात ऑइल किती आहे, ते शेवटचं कधी बदललं आणि डब्यावर काय लिहिलं होतं, हे विचारून बघा. बहुतेक घरांत एकच उत्तर येईल, "ते गॅरेजवाल्याला माहीत!" आज हे आपणच माहीत करून घेऊ या. काम अवघड नाही. थोडं गणित आहे, थोडं विज्ञान आहे आणि शेवटी हात काळे करायचे आहेत.

उदाहरणाला गाव घेऊ जिते. रायगड जिल्ह्यात पनवेलहून पेणकडे जाताना हे गाव लागतं. रेल्वेचं छोटंसं स्थानक, जवळून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग, आणि आसपास हमरापूर, जोहे अशी गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध असलेली गावं. अशा ठिकाणी मोटारसायकल म्हणजे चैन नव्हे. पहाटेची गाडी पकडायला स्टेशन गाठायचं तर मोटारसायकल, पेणच्या बाजारात जायचं तर मोटारसायकल, कारखान्यात रंगाचे डबे पोचवायचे तर तीच. इंजिन बसलं की घरातल्या कुणाचा तरी रोज बुडतो, वर बोअर करण्याचा हजारो रुपयांचा खर्च. आणि हे सगळं कशामुळे? पुष्कळदा चार-पाचशे रुपयांचं ऑइल वेळेवर बदललं नाही किंवा भलतंच घातलं, एवढ्याचमुळे.

आता वही-पेन घ्या. स्प्लेंडर ही १९९४ साली आलेली गाडी तुम्ही पाहिलीच असेल. तिच्या मूळ इंजिनात सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर. शाळेतलं πr²h आठवतंय ना? व्यास ५ सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या २.५, उंची ४.९५. करा गुणाकार. उत्तर साधारण ९७ घन सेंटिमीटर येतं. तेच ते "सीसी"! शंभर सीसीची गाडी म्हणतो ती खरं तर सत्त्याण्णवचीच.

पुढचं गणित आणखी मजेचं आहे. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला झाले १०० फेरे. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली जातो, म्हणजे ९९ मिलिमीटर. सेकंदाला जवळजवळ दहा मीटर! तुमच्या वर्गाची लांबी तो एका सेकंदात कापतो, आणि तेवढ्यात दोनशे वेळा थांबून दिशाही बदलतो. धातूवर धातू असा घासायला लागला तर काही मिनिटांत खेळ खलास. पिस्टन आणि सिलिंडरच्या मध्ये असते फक्त तेलाची केसाहून पातळ साय. या सायीवर सगळा संसार चालतो बघा.

हे झालं तेलाचं पहिलं काम. दुसरं काम गिअरचं. मोटारगाडीत इंजिनाचं तेल वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं. आजच्या बहुतेक मोटारसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच एकाच पेटीत राहतात आणि एकाच तेलात न्हातात. गिअरचे दात एकमेकांवर दाबून फिरतात तेव्हा मधलं तेल अक्षरशः चिरडलं जातं. तेलात मिसळलेले लांब लांब रेणू त्यात तुटतात आणि तेल पातळ होतं.

तिसरं काम सगळ्यांत विचित्र आहे. क्लचमध्ये धातूच्या आणि खरबरीत चकत्या एकाआड एक बसवलेल्या असतात. स्प्रिंगा त्यांना घट्ट दाबून धरतात. चकत्या एकमेकींना चिकटून फिरल्या तरच इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते. आणि या चकत्याही तेलातच बुडालेल्या! म्हणजे तेलानं पिस्टनला घसरू द्यायचं, पण क्लचला घसरू द्यायचं नाही. एकाच माणसानं एका हातानं दार उघडावं आणि दुसऱ्या हातानं तेच लावून घ्यावं, तसलं हे काम.

आता कॅरम आठवा. बोर्डावर पावडर टाकली की स्ट्रायकर कसा सुसाट सुटतो! मोटारगाड्यांच्या काही तेलांत पेट्रोल वाचावं म्हणून अशी "पावडर" घातलेली असते, म्हणजे घर्षण आणखी कमी करणारी रसायनं. मोटारगाडीत त्याचा फायदाच होतो, कारण तिचा क्लच त्या तेलात नसतो. तेच तेल मोटारसायकलीत ओतलं की क्लचच्या चकत्या घसरायला लागतात. सपाट रस्त्यावर लवकर कळत नाही. पण जित्याहून पनवेलला निघालात आणि कर्नाळ्याच्या खिंडीत चढ लागला, की ॲक्सिलरेटर पिळावा तेवढं इंजिन ओरडतं आणि गाडी काही पुढे सरकत नाही. मामाच्या मोटारीसाठी आणलेल्या डब्यात अर्धा लिटर उरलंय, ते वाया कशाला घालवायचं, असा विचार घरात कुणी करत असेल तर त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

जपानी कंपन्यांना ही अडचण आली, म्हणून १९९८ साली तिथे मोटारसायकलीच्या तेलासाठी वेगळं मानक ठरलं. त्याची खूण "जासो एमए" किंवा "एमए-२". डबा फिरवून मागच्या बाजूला ही इंग्रजी अक्षरं शोधायची. ती असली की तेल गिअरच्या मोटारसायकलीच्या क्लचला चालणारं. "एमबी" असेल तर ते बिनगिअरच्या स्कूटरचं, कारण तिचा क्लच कोरडा असतो.

डब्यावर मोठ्या अक्षरांत असतं ते "२० डब्ल्यू ४०" किंवा "१० डब्ल्यू ३०". हे काय कोडं आहे? खोबरेल तेलाची बाटली आठवा. थंडीत सकाळी ते थिजतं आणि आई बाटली उन्हात ठेवते. इंजिनाचं तेलही गार असताना घट्ट आणि तापल्यावर पातळ होतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा जितका लहान, तितकं ते तेल थंडीत लवकर वाहतं आणि किक मारल्याबरोबर वरपर्यंत पोचतं. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातल्या दाटपणाचा. तो जितका मोठा, तितकं ते गरमीत दाट राहतं. कोकणात काही बर्फ पडत नाही, त्यामुळे २० डब्ल्यू इथे चालून जातं. पण नव्या इंजिनांतल्या फटी इतक्या बारीक असतात की त्यांना पातळ तेलच लागतं. स्प्लेंडरला १० डब्ल्यू ३० सांगतात, बजाजच्या पुष्कळ पल्सर गाड्यांना २० डब्ल्यू ५०. शेजारचे काका सांगतील ते त्यांच्या गाडीपुरतं खरं. आपल्या गाडीचं उत्तर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात असतं. ते बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या खणात, लग्नाच्या अल्बमखाली सापडतं!

आजोबांना विचाराल तर ते म्हणतील, "आमच्या वेळी गिअरचं ऑइल वेगळं होतं." अगदी बरोबर. १९७२ साली आलेली बजाज चेतक दोन फटक्यांच्या इंजिनाची होती. तिच्यात इंजिनाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला वीस मिली, आणि गिअरबॉक्सला पाव लिटरच्या आसपास वेगळं तेल. पेट्रोलमधलं तेल जळायचं, म्हणून मागून तो निळा धूर. पुढे ती स्कूटर बंद झाली. २०२० साली चेतक नावानं नवी गाडी आली, पण ती विजेची. जुन्या बुलेटचा तर थाट आणखी वेगळा: इंजिनाचं तेल एक, गिअरबॉक्सचं दुसरं, क्लचच्या पेटीतलं तिसरं.

वेगळं गिअर ऑइल आजही संपलेलं नाही बरं का! बिनगिअरच्या स्कूटरच्या मागच्या चाकाजवळ दातेरी चाकांची छोटी पेटी असते. तिच्यात शंभर मिलीच्या आसपास तेल असतं आणि लोक ते हमखास विसरतात. आईची स्कूटर असेल तर गॅरेजमध्ये मुद्दाम विचारा. आणखी एक गंमत. मोटारींच्या गिअर ऑइलचा "नव्वद नंबर" ऐकून लोकांना वाटतं, ते इंजिनाच्या चाळीस-पन्नासपेक्षा दुप्पट घट्ट असणार. तसं नाही. त्या दोन मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. नव्वदचं गिअर ऑइल इंजिनाच्या चाळीस-पन्नासच्याच आसपास दाट असतं. पण त्यातली रसायनं निराळी, म्हणून ते मोटारसायकलीच्या इंजिनात मुळीच घालायचं नाही.

चला, आता बाह्या सरसावा. मोठं माणूस सोबत हवंच. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवायचं, म्हणजे तेल कोमट होऊन नीट वाहतं. हे अंगणात करायचं, बंद पडवीत नको. धूर विषारी असतो. मग इंजिन बंद करून गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करा, खाली जुनं घमेलं ठेवा आणि बाबांना पान्यानं खालचा बोल्ट सोडू द्या. तापलेल्या इंजिनाचं तेल भाजतं, म्हणून हा मान त्यांचा. तुमचं काम बघण्याचं. तेल काळं आलं तर घाबरू नका. इंजिनातली काजळी धरून ठेवणं हे चांगल्या तेलाचं कामच आहे. पण दुधाच्या चहासारखं आलं तर त्यात पाणी शिरलंय. पावसाळ्यात चाकभर पाण्यातून गाडी काढली की असं होऊ शकतं. मग किलोमीटर कितीही झालेले असोत, तेल बदलायचंच, आणि पाणी कुठून शिरलं हे मेकॅनिकला दाखवायचं. चमचमणारा धातूचा चुरा दिसला तरी त्याला सांगा. नव्या गाडीच्या पहिल्या पाचशे-साडेसातशे किलोमीटरनंतर थोडा चुरा येतोच. म्हणून तर पहिलं ऑइल इतक्या लवकर बदलायला सांगतात.

बोल्टाखालचा वायसर नवा घालावा. बोल्ट बेताचा आवळावा. जोर दाखवायला गेलं की ॲल्युमिनियमचे आटे जातात. मग नरसाळ्यानं नवं तेल ओता. किती, ते पुस्तक सांगेल. शंभर सीसीच्या पुष्कळ गाड्यांना पुरतं लिटरभरही लागत नाही. इंजिन जरा चालवून, थांबवून, दोन मिनिटांनी डिपस्टिक पुसून बुडवा. पुष्कळ गाड्यांत ती आट्यांवर फिरवायची नसते, नुसती टेकवायची असते. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. जास्त घातलं तर इंजिन ते घुसळून फेस काढतं, आणि फेसाची साय धरत नाही!

आता घमेल्यातल्या जळक्या ऑइलचं काय करायचं? इथे मला थोडं रागानं लिहावं लागतंय. ते गटारात ओततात, वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना फासतात, नाहीतर बांधावर टाकतात. जित्याच्या बाजूला पाताळगंगा खाडीला मिळते, सगळीकडे भातखाचरं आहेत. पहिल्याच पावसात हे तेल तिथे पोचतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा हिशेब असा, की तेल आपल्या दहा लाख पट गोडं पाणी खराब करू शकतं. आणखी एकदा πr²h करू या. पाच मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल, तर ते होतं सुमारे ९८ हजार लिटर. म्हणजे एक लिटर जळकं ऑइल आणि अशा दहा विहिरी!

खरं तर तेल कधी "झिजत" नाही. ते मळतं आणि त्यातली रसायनं संपतात. ते साफ करून पुन्हा वापरता येतं, आणि तसे कारखाने आहेत. १ एप्रिल २०२४ पासून आपल्याकडे तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरच वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. तुम्ही एवढंच करायचं: जळकं ऑइल नव्या तेलाच्याच रिकाम्या डब्यात भरायचं, झाकण लावायचं आणि नोंदणी असलेल्या पुनर्वापरवाल्याला माल देणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्यायचं. "काका, हे तुम्ही कुणाला देता?" असं विचारायला लाजू नका. हात साबणानं दोनदा धुवा. वापरलेलं तेल कातडीला वाईट असतं.

आई-बाबांसाठी दोन ओळी. ऑइल बदलायला मदत केली म्हणून बक्षीस म्हणून "जा, एक चक्कर मारून ये" असं म्हणू नका. गिअरची मोटारसायकल चालवायला वय अठरा पूर्ण लागतं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकांना पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडी पुसायला द्या हवं तर!

तेल किती किलोमीटरनं बदलायचं? काही गाड्यांना ३,०००, काहींना ६,०००. तेही पुस्तकातच असतं. तारीख, किलोमीटर आणि डब्यावरचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून सीटखाली चिकटवा. आणि गॅरेजमध्ये ऑइल बदलणार असाल तर डब्याचं सील तुमच्यासमोर फोडायला सांगा. जळकं ऑइल ओतून डबा रिकामा झाला की त्याला खिळ्यानं दोन भोकं पाडा, म्हणजे भेसळीचं तेल भरून तोच डबा पुन्हा कुणाच्या गळ्यात पडणार नाही.